१३८ गुणांचे निदान

वाचकाचे पत्र: मी डिचोली तालुक्यातील एका गावची. २०१८ साली वैद्यकीय शिक्षणासाठी किर्गिझस्तानला गेले आणि पदवी घेऊन परतले. परदेशातून वैद्यकीय पदवी घेतलेल्यांना इथे डॉक्टर म्हणून नोंदणीसाठी द्यावी लागणारी एफएमजीई परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा ३०० पैकी १२१ गुण मिळाले, परवाच्या निकालात १३८. उत्तीर्ण होण्यासाठी १५० हवेत. रोज अकरा-बारा तास लॅपटॉपसमोर बसून व्याख्यानांचे व्हिडिओ पाहते. सगळी मालिका दोन वेळा पाहून झाली. शरीररचनाशास्त्र आणि मेडिसिन यांतच अर्धा वेळ जातो, म्हणून सामाजिक वैद्यक, न्यायवैद्यक, डोळे आणि कान-नाक-घसा हे विषय शेवटच्या आठवड्यावर येतात. दिल्लीतील एका निवासी क्लासचा खर्च राहण्या-जेवणासह दीड लाखाच्या पुढे जातो. बाबांच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, तरी ते ‘जा’ म्हणतात. इथल्या एका खासगी इस्पितळाने रात्रपाळीला ‘ड्यूटी डॉक्टर’ म्हणून येण्याविषयी विचारले आहे. गणेशचवथीला घर पाहुण्यांनी भरेल आणि जो तो निकाल विचारील. दोन महिने धड झोप नाही. क्लास लावू, की हा नाद सोडून देऊ?

उत्तर:

वयाने तुम्ही माझ्या नातीएवढ्या असाल, परंतु वैद्यकाची पदवी मिळवलेल्या व्यक्तीला ‘तुम्ही’ म्हणण्याची माझी जुनी सवय आहे; परीक्षेच्या निकालामुळे ती बदलण्याचे मला काही कारण दिसत नाही.

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, पण त्या दोहोंच्या आधीचा प्रश्न पत्रात नाही. या १३८ गुणांमागे नेमके काय दडले आहे? रुग्ण ताप घेऊन आला की आपण लगेच औषध लिहीत नाही, आधी विचारपूस करतो. तुमच्या गुणांची विचारपूस अजून कोणीही केलेली नाही, तुम्हीही नाही, आणि दीड लाख रुपये घेणारा क्लासही ती करणार नाही. म्हणून प्रथम तेवढे करू.

या परीक्षेत चार पर्यायांचे ३०० प्रश्न असतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. याचा अर्थ असा की वैद्यकातले एक अक्षरही ठाऊक नसलेल्या माणसाने डोळे मिटून सगळे पर्याय निवडले, तरी सरासरीने त्याला ७५ गुण मिळतील. आता हिशेब उलट्या बाजूने करून पाहा. ज्याला ८४ प्रश्न खात्रीने येतात आणि उरलेल्या २१६ प्रश्नांत जो अंदाज बांधतो, त्याला त्या अंदाजांतून सुमारे ५४ गुण मिळतात आणि बेरीज १३८ होते. १२१ गुणांमागे असे खात्रीचे प्रश्न सुमारे ६१ असतात, तर १५० गुणांसाठी ते १०० लागतात. प्रत्यक्षात कोणी निव्वळ डोळे मिटून उत्तर देत नाही, दोन पर्याय बाद करून तिसरा निवडला जातो, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. पण दिशा कळण्यास तो पुरेसा आहे. सहा महिन्यांत तुम्ही ६१ वरून ८४ वर आलात. याला कोणी अपयश म्हणत असेल तर म्हणू द्या, मी त्याला अपुरी राहिलेली प्रगती म्हणेन. त्याच वेळी हेही खरे की तीनशेपैकी केवळ ८४ प्रश्नांविषयी खात्री असणे, हे बारा-बारा तास बसणाऱ्या विद्यार्थिनीच्या कष्टांशी मुळीच जुळत नाही. कष्ट कुठेतरी वाहून जात आहेत, आणि ते कुठे जात आहेत हे तुमच्याच पत्रात लिहिलेले आहे.

या परीक्षेतील विषयवार गुणांची विभागणी जाहीर आहे. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांना प्रत्येकी १७ गुण, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र यांना प्रत्येकी १३, न्यायवैद्यकाला १०. जनरल मेडिसिनला ३३, जनरल सर्जरीला ३२ आणि स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राला ३०. ज्या सामाजिक वैद्यकाला तुम्ही शेवटचा आठवडा दिलात, त्यालाही ३०. बालरोग, नेत्ररोग आणि कान-नाक-घसा यांना प्रत्येकी १५, म्हणजे सामाजिक वैद्यकासह या चार विषयांचे मिळून ७५, प्रश्नपत्रिकेचा चौथा हिस्सा. १७ गुणांच्या शरीररचनाशास्त्रासाठी तुम्ही सहा आठवडे घालवले असतील, तर त्या विषयावरील प्रेमाबद्दल मी तुमचे कौतुक करीन, नियोजनाबद्दल नाही.

सामाजिक वैद्यकाकडे दुर्लक्ष होण्याचे कारण मी समजू शकतो. तो विषय तुम्ही परदेशात शिकलात तेव्हा त्यात त्या देशाची आरोग्यव्यवस्था होती, त्या देशाचे लसीकरण होते. इथे विचारले जाते ते आपले राष्ट्रीय वेळापत्रक, आपले राष्ट्रीय कार्यक्रम, आपले कायदे. हा विषय व्हिडिओतून शिकण्याची काहीही गरज नाही. शेजारी दोन-तीन वर्षांचे मूल असेल तर त्याच्या आईकडून लसीकरणाचे कार्ड एका संध्याकाळपुरते मागून आणा. जन्मतः बीसीजी, पोलिओचा ‘शून्य’ क्रमांकाचा डोस आणि चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस-बी, मग सहा, दहा आणि चौदा आठवडे, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला आणि त्याबरोबर जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर. प्रत्येक नोंदीपाशी थांबून स्वतःला विचारा की ही लस कोणत्या मार्गाने दिली, कुठे दिली, हे बाळ दोन महिने उशिरा आले असते तर काय केले असते. त्या एका कार्डावर परीक्षेतले अनेक प्रश्न उघडे पडलेले असतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना रीतसर विनंती करून लसीकरणाच्या दिवशी केवळ पाहण्यासाठी बसता आले तर अधिकच चांगले. तिथल्या एएनएम बाईंना, म्हणजे लस देणाऱ्या परिचारिकांना, लसी थंड ठेवण्याच्या शीतसाखळीविषयी जे माहीत असते, ते मला प्राध्यापक असताना माहीत नव्हते, हे मी इथे संकोच न करता लिहितो.

हेच आजारांबाबत. बर्फाच्या प्रदेशात सहा वर्षे काढलेल्या विद्यार्थिनीने लेप्टोस्पायरोसिसचा, डेंग्यूचा किंवा सर्पदंशाचा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो, आणि प्रश्न मात्र त्यांच्यावर हमखास येतात. तुमच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात गेल्या दशकभरात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. त्याला कॅसनूर जंगलाचे नाव का आहे, तो गोचिडीमुळे कसा पसरतो, माकड मेल्याची बातमी आली की आरोग्य खाते का धावते, हे तुमच्या परिसराचेच ज्ञान आहे. घरासमोरचे जग अभ्यासक्रमात असताना त्याचा व्हिडिओ दुप्पट वेगाने कशासाठी पाहायचा?

न्यायवैद्यकासंबंधी एक सावधगिरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचे जुने कलम ३०४-अ आता १०६ आहे, खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ आहे, आणि पोलिसांनी करावयाचा मरणोत्तर पंचनामा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ ऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली येतो. तुम्ही दोनदा पाहिलेली मालिका त्यापूर्वीची असेल, तर तुम्ही जुनी कलमे दोनदा पाठ केली आहेत. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ ची दुरुस्ती आणि क्षयरोग कार्यक्रमाचे २०२० मधील नवे नाव यांचीही अशीच तपासणी करा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. व्हिडिओ पाहणे म्हणजे अभ्यास करणे नव्हे. चांगला शिक्षक बोलत असतो तेव्हा सगळे समजल्यासारखे वाटते, कारण त्या क्षणी विचार तो करत असतो आणि आपण त्याच्या मागून चालत असतो. २००६ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे. पहिल्या गटाला आपल्याला सगळे येते असा भरवसाही अधिक होता, आणि मला या प्रयोगातला तोच भाग सर्वांत बोलका वाटतो. तुमचे बारा तास त्या पहिल्या गटाचे आहेत.

मी स्वतः दुसऱ्या वर्षी औषधशास्त्रात नापास झालो होतो. पुस्तक तीन वेळा वाचले होते आणि पानावरच्या शाईच्या डागापर्यंत सगळे आठवत होते. एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने मला खानावळीत बसवून विचारले, “दम्याच्या रुग्णाला रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले तर काय होईल?” औषधाचे सगळे उपयोग मी ओळीने सांगू शकलो असतो, परंतु त्याने विचारलेले मला सांगता येईना. त्यानंतर दोन महिने तो रोज जेवताना पाच प्रश्न विचारीत असे आणि माझे उत्तर चुकले की माझ्या ताटातला मासा उचलीत असे. त्या दोन महिन्यांत मी बराचसा शाकाहारी झालो, पण उत्तीर्णही झालो.

म्हणून येत्या शनिवारी, काहीही न वाचता, पूर्ण ३०० प्रश्नांची एक सराव चाचणी द्या. १५० प्रश्न १५० मिनिटांत, मध्ये विश्रांती, पुन्हा १५० प्रश्न १५० मिनिटांत, फोन दुसऱ्या खोलीत. प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करा: खात्रीने दिले, दोहोंत अडकून दिले, की निव्वळ अंदाजाने. मग रविवारचा पूर्ण दिवस त्या चाचणीच्या तपासणीला द्या आणि एका जाड वहीत चुका उतरवा, पण विषयवार नव्हे, कारणवार. काही गोष्टी तुम्ही कधी वाचलेल्याच नसतील. त्या वाचाव्या लागतील. काही वाचलेल्या असून दोन सारख्या आजारांची गल्लत झाली असेल; तिथे पुन्हा व्हिडिओ पाहणे व्यर्थ आहे, त्या दोहोंतील फरक शेजारी-शेजारी दोन रकान्यांत स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. आणि काही चुका अशा निघतील की ‘यापैकी कोणते नाही’ हा शब्दच नजरेतून सुटला. अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यानंतर माझा अंदाज असा आहे की या तिसऱ्या प्रकारच्या चुका विद्यार्थी कबूल करतात त्याहून पुष्कळ जास्त असतात. खात्रीने दिलेली आणि तरीही चुकलेली उत्तरे लाल शाईने लिहा. खरी जखम तिथे आहे.

पुढील सत्राला साधारण पाच महिने आहेत. रोज सकाळी ५० मिनिटांत ५० मिश्र प्रश्न सोडवा आणि त्यांच्या तपासणीला दीड-दोन तास द्या. जे चुकले तेवढेच त्या दिवशी वाचा. दुपारी एक विषय घ्या, त्यात आळीपाळीने एक मोठा आणि एक लहान असा क्रम ठेवा. दर पंधरवड्याला पूर्ण चाचणी. व्हिडिओला दिवसाचा एकच तास, तोही वहीने मागणी केली तर. एकूण सात-आठ तासांच्या पुढे बसू नका. सराव चाचण्यांत सातत्याने १६५ च्या आसपास गुण येऊ लागले की खात्रीचे प्रश्न १२० च्या घरात गेले असे समजा. परीक्षागृहातील घबराटीसाठी तेवढी शिल्लक हवी.

पण हे एकटीने करू नका. तुमच्या पत्रात बाबा, पाहुणे, लॅपटॉप सगळे आहेत, मात्र अभ्यासाविषयी बोलणारा एकही माणूस नाही, आणि मला दीड लाखांच्या क्लासपेक्षा ही उणीव मोठी वाटते. गोवा लहान आहे. पेडणे, फोंडा, मडगाव इथे तुमच्यासारखे परदेशातून परतलेले पदवीधर नक्की सापडतील. तिघे जमलात तरी पुरे. आठवड्यातून एकदा पणजीला पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात प्रत्येकाने आपापले वाचन करावे, मग बाहेर चहा घेताना एकाने विचारावे आणि दुसऱ्याने पुस्तक न पाहता सांगावे. चौथा माणूस असा शोधा की ज्याने ही परीक्षा नुकतीच पार केली आहे आणि जो आता इंटर्नशिप करतो आहे, किंवा बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील ओळखीचा एखादा निवासी डॉक्टर. त्याच्याकडे शिकवणी मागू नका, त्याला वेळ नसतो. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास चुकांची वही दाखवा आणि तो जिथे हसेल तिथे खूण करा.

आणि घरात आईला मराठीतून सांगत जा. नवजात बाळ पिवळे का पडते, पहिल्याच दिवशी पिवळे पडले तर काळजी का करायची आणि तिसऱ्या दिवशी पडले तर एवढी का नाही, हे आईला पटेल असे सांगता आले तर तो विषय तुमचा झाला. इंग्रजी शब्दांच्या आडोशाला आपले अज्ञान फार काळ लपून राहते; मातृभाषेत ते लगेच उघडे पडते.

आता क्लासविषयी. सध्या जाऊ नका. तिथे मुख्यतः व्याख्याने मिळतील आणि ती तुम्ही दोनदा ऐकली आहेत. पैसे खर्च करायचेच असतील तर एखादी चांगली प्रश्नपेढी आणि चाचण्यांची मालिका घ्या, त्याचा खर्च निवासी क्लासच्या तुलनेत किरकोळ असतो. आठ आठवड्यांनंतरही चाचण्यांतील आकडा जागचा हलला नाही, तर बाबांशी बसून पुन्हा विचार करा. ‘उत्तीर्ण होण्याची हमी’ किंवा ‘मागच्या परीक्षेचे खरे प्रश्न’ विकणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. परीक्षा घेणारे राष्ट्रीय मंडळ प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही आणि परीक्षार्थींकडून त्या न फोडण्याची लेखी हमी घेते. बाजारात फिरते ते कोणाच्या तरी अर्धवट आठवणीतून उतरलेले असते आणि त्याची उत्तरेही अनेकदा चुकीची असतात.

रात्रपाळीच्या ‘ड्यूटी डॉक्टर’च्या कामाला मात्र स्पष्ट नकार द्या, आजच द्या. ही परीक्षा, त्यानंतर तात्पुरती नोंदणी आणि इंटर्नशिप, मग कायम नोंदणी, असा मार्ग आहे. नोंदणीशिवाय रुग्ण तपासणे हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पहाटे तीन वाजता काही अघटित घडले, तर ज्यांनी तुम्हाला आग्रहाने बोलावले ते तुम्हाला ओळखणारही नाहीत. हप्त्यांना हातभार लावायचा असेल तर अकरावी-बारावीच्या मुलांना संध्याकाळी दीड तास जीवशास्त्र शिकवा. चार पैसे मिळतील, आणि मूत्रपिंडाचे कार्य मुलांना समजावताना १७ गुणांच्या शरीरक्रियाशास्त्राचीही उजळणी होईल.

नाद सोडण्याविषयी. नियमांत प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणून ती घरात ठरवावी लागते. माझ्या मते आणखी दोन सत्रे, या नव्या पद्धतीने. त्यानंतर सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णालय व्यवस्थापन यांचा विचार करणे हा पराभव ठरणार नाही. गेल्या काही वर्षांत या परीक्षेचा निकाल बहुतेक सत्रांत दहा ते तीस टक्क्यांच्या दरम्यान लागलेला आहे. म्हणजे तुमच्यासोबत न उत्तीर्ण झालेले हजारो आहेत. ही परीक्षा जाऊन तिच्या जागी ‘नेक्स्ट’ ही नवी परीक्षा येणार या चर्चेकडे तूर्त कान देऊ नका. ती कायद्यात आहे, पण वारंवार पुढे गेली आहे. अधिसूचना निघेल त्या दिवशी विचार करता येईल. विद्यापीठाकडून आणायची कागदपत्रे, विशेषतः कोविडकाळातील ऑनलाइन वर्गांची प्रत्यक्ष भरपाई झाल्याचे पत्र, हाती नसतील तर आताच मागवा. उत्तीर्ण होऊनही केवळ एका पत्रासाठी महिनोन्‌महिने अडकून पडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

दोन महिने झोप नाही, हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी घाईने लिहिले आहे. ते मी घाईने वाचलेले नाही. रात्री अकरानंतर लॅपटॉप-फोनचा पडदा बंद ठेवूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर बांबोळीच्या मनोविकार संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन या, किंवा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोला, तिथे दिवसरात्र कोणीतरी असते. जगणेच नकोसे वाटल्याचा विचार एकदा जरी मनात येऊन गेला असेल, तर दोन आठवडे थांबू नका, आजच बोला आणि आईला सांगा. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या आजारावर उपचार घेण्यास लाजावे, ही आपल्या व्यवसायातली जुनी आणि वाईट रूढी आहे.

राहिले चवथीचे पाहुणे. बाबांना आधीच सांगून ठेवा की विचारणाऱ्याला त्यांनीच उत्तर द्यावे: “१२१ वरून १३८ वर आली आहे, डिसेंबरच्या सत्राची तयारी चालू आहे.” एवढे वाक्य पुरते. गणपतीवरची माटोळी बांधायला, नेवऱ्या करायला तुम्ही सर्वांबरोबर बसा. ते दोन दिवस पुस्तक उघडू नका आणि उघडले नाही म्हणून खंतही करू नका.

शनिवारची चाचणी झाली की वहीतले विषयवार आणि कारणवार आकडे मला कळवा, एकूण गुण नकोत. लाल शाईची पाने किती भरली, ते आधी लिहा.